मंडळीतला भाऊ वचन ऐकत नाही? या चुका टाळा

सोलापुरात आपल्या ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्च, लहान, निम्मे लोक एकमेकांचे पाहुणे, त्यामुळे कुणी वचनाप्रमाणे, म्हणजे बायबलप्रमाणे, वागेना झालं की गोष्ट सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत जाते पण त्या माणसाकडे कुणी जात नाही. सगळ्यात मोठी चूक हीच. बायबलात मत्तयाच्या 18व्या अध्यायात क्रम दिलाय, आधी एकट्याने जाऊन बोला, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर न्या, मंडळीपुढे त्यानंतर. व्हॉट्सअप ग्रुपवर "अमक्यासाठी प्रार्थना करा, तो भरकटलाय" असं टाकणं ही चहाडीच आहे ओ.

दुसरी चूक, सगळ्यांना एकच माप. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत काही जण काम सोडून दुसऱ्यांच्या घरात लुडबूड करत होते, प्रेषित पौल स्वतः रात्रंदिवस कष्ट करून खायचा, म्हणून त्याने सांगितलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊ नये. करायचं नाही, हे नीट वाचा. पॉवरलूम बंद पडलं म्हणून घरी बसलेल्या भावाला हे वचन ऐकवू नका, त्याला मदत लागते. पण धडधाकट असून रोज जेवायच्या टायमाला कुणाच्या तरी दारात, वर हातउसने घेतलेले परत नाहीत, अशाला पैसे देणं थांबवा, उठबस कमी करा आणि का ते तोंडावर सांगा, नुसतं तोंड फिरवून त्याला काय कळणार?

त्याच मंडळीला पौल लिहितो, अंतर ठेवायचं ते त्याला लाज वाटून तो सुधारावा म्हणून. पुढच्याच ओळीत पौल म्हणतो शत्रू समजू नका, भाऊ म्हणून समज द्या. मग त्याच्या घरच्या मयतीला न जाणं, आई सिव्हिलला ॲडमिट असताना डबा न नेणं, बायकापोरांशी बोलणं तोडणं, हे कुठल्या वचनात बसतं? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 5व्या अध्यायात जेवायलाही बसू नका असं आहे, पण ते व्यभिचार, दारूबाजी, लुबाडणूक करूनही स्वतःला भाऊ म्हणवणाऱ्यासाठी.

आणि लग्नात बँड का लावला, हे आपलं मत झालं. मतांवरून भावाला दोष लावू नका, रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय वाचा.

शेवटची चूक फार दुखावते. माणूस पश्चात्ताप करून येतो आणि आपण म्हणतो, बघू अजून सहा महिने. पौलाने करिंथकरांना लिहिलं, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. त्याच रविवारी शेजारी बसवा, घरी जेवायला न्या आणि जुना विषय ताटावर काढू नका.