ड्रीम रनला मंडळ घेऊन निघालात? या चुका टाळा

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन. त्यातली ड्रीम रन जेमतेम ६ किलोमीटरची. इथे घड्याळाकडे कोणी बघत नाही. सोंगं काढायची, फलक नाचवायचे आणि एखाद्या सामाजिक संस्थेसाठी पैसे उभे करायचे. वसईहून आमचं धर्मग्रामाचं, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांचं, मंडळ दोनदा गेलं. पायांनी दगा दिला नाही, वहीने दिला.

पहिल्या वर्षी मिसा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, सुटल्यावर आम्ही दारात डबा धरला. नोटा भरपूर जमल्या, नाव एकाचंही नाही. पंधरा दिवसांनी लोक पावती मागायला आले. करसवलतीची, ८०जीची म्हणतात ती पावती संस्था देते, मंडळ नाही, आणि तिला देणाऱ्याचं नाव, पत्ता, पॅन लागतो. शिवाय २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी करसवलतीला चालतच नाही. एका काकांनी ५,००० रोख दिले होते. त्यांची समजूत काढायला शेवटी फादरांना घरी जावं लागलं.

पैसे आधी चर्चच्या खात्यात घेऊन मग एकगठ्ठा पाठवू, हा सल्लाही ऐकू नका. पावती मग चर्चच्याच नावाने निघते. संस्थेची लिंक देणगीदाराला थेट पाठवा. डबा ठेवायचाच तर शेजारी वही, मोजायला दोघं, आणि भरणा लगेच. मॅरेथॉनच्या निधी उभारणीचं काम युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते. तुमची संस्था त्यांच्या यादीत आहे ना, हे टी-शर्ट छापण्याआधी बघा.

परदेशातल्या नातेवाइकांचं प्रकरण नाजूक. भाऊ कुवेतला असला तरी पासपोर्ट भारतीय असेल, तर त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या आत्याचे मात्र ठरतात, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. संस्थेची एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, नसेल, तर आत्याला प्रेमाने नाही म्हणा.

रविवारची मिसा बुडेल म्हणून मावश्या नाव देत नाहीत. शनिवारी संध्याकाळची मिसा रविवारची धरली जाते. फादरांनीच तसं आल्टरवरून सांगितलं, तेव्हा आमची यादी भरली.

लाल लुगडं नेसून चालायची कल्पना याच मावश्यांची. झकास दिसलं. पण काठ घोट्याच्या वर हवा, पिना चार जास्त, आणि पायात रोजचे बूट. एकीने सणाच्या चपला घातल्या. अर्ध्या वाटेत पट्टा तुटला, उरलेली वाट अनवाणी. पुठ्ठ्याचा मनोरा नेणार असाल तर घडीचा करा. आमचा वसई रोडला लोकलच्या दारातच मोडला. तरी पहाटेची गाडी होती, ऑफिसची वेळ असती तर आम्हीच मोडलो असतो.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. ताप आलेल्याच्या जागी त्याच्या भाच्याला उभं करू नका. उद्या भाचा चक्कर येऊन पडला तर नोंद भलत्याच माणसाची निघेल.

फलकावर संस्थेचं काम लिहा. आमच्यातल्या एकाने वाटायला बायबलच्या वचनांची पत्रकं आणली होती, ती मी पिशवीतच ठेवायला लावली. आपण त्या दिवशी दुसऱ्याच्या कामासाठी आलेलो असतो; धर्मग्रामाचं नाव टी-शर्टवर आहे, तेवढं पुरे. यावर मंडळात अजून वाद आहे, असू दे.

आणि भेटायची जागा नुसती ‘स्टेशनवर’ अशी सांगू नका. आम्ही तेच केलं. निम्मे सीएसएमटीला, निम्मे चर्चगेटला. एका मावशीसाठी आम्ही दीड तास ताटकळलो, शेवटी त्यांच्या घरी फोन लावला. फोन मावशींनीच उचलला. त्या आंघोळ करून जेवायला बसल्या होत्या.