पुणे ते सासवड : एक दिवस वारीत चालायचं असेल तर

हडपसर हे माझं सासर, त्यामुळे ज्येष्ठ लागला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "ताई, पंढरपूरपर्यंत जमणार नाही, एक दिवस चालायचंय. कुठून सुरुवात करू?" मी सगळ्यांना पुणे ते सासवड हाच टप्पा सांगते. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री राहते आणि मग पहाटे सासवडकडे निघते. हा टप्पा तीसेक किलोमीटरचा आहे. मध्ये दिवे घाट लागतो, म्हणून आधी महिनाभर रोज चालायची सवय करा. नवे बूट घालून येऊ नका.

पहाटे पुण्यातूनच निघा. तुकोबांची पालखीही त्याच दिवशी निघते. ती हडपसरहून लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची सासवड रस्त्याला वळते. कुणामागे चालायचं ते तिथे पोहोचण्याआधी ठरवून ठेवा, गर्दीत माणसं चुकतात ती इथेच.

बहुतेक वर्षी या दिवशी एकादशी येते. वाटेत लोक प्रेमाने हातात ठेवतात ते साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. उपास झेपत नसेल तर डबा सोबत घ्या. भूक असेल तेवढंच घ्या, कारण मागून येणाऱ्यांना पुढे आणखी दोन आठवडे चालायचं आहे. पाण्याची बाटली घरूनच आणा आणि वडकीला भरून घ्या, घाटात पाण्याचे हाल होतात. बायकांनो, फिरती शौचालये दिसतील तिथे जाऊन या, पुढे मिळेल या भरवशावर राहू नका.

आता माझ्या मनातलं. वारीला बघायला येणारे वाढलेत, त्याचा मला आनंदच आहे. पण दिंडी रस्त्यावरून जात असली तरी तिची एक मांडणी असते: पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. ती ओळ मधून कापू नका. फोटोसाठी कुणा आजीला थांबवू नका, ती थांबली की मागची रांग अडते आणि तोंडातला अभंग तुटतो. त्यापेक्षा एखाद्या दिंडीच्या शेवटी जा, हात जोडून "माउली, सोबत चालू का?" विचारा. मला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. अभंग पाठ नसला तरी चालतं, ध्रुवपद दोन वेळा ऐकलं की येतं. असं तासभर चाललात की वारी कळायला लागते. कडेला उभं राहून ती कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. तेव्हा रथाजवळ गर्दी करू नका, आणि दृश्यासाठी डोंगराच्या उतारावर चढू नका, पावसात तिथली माती घसरते. झेंडेवाडीला विसावा असतो, तिथे पाय मोकळे करा.

सासवडला पोहोचल्यावर लगेच परतायची घाई करू नका. तळावर समाजआरती होते. चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त सांभाळणारा मानकरी, दंड उंचावतो आणि एवढा टाळ-मृदंगाचा गजर क्षणात थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जाऊन विचारपूस करतात, तोवर सगळे थांबतात. हरवल्या-सापडल्या वस्तूही तिथेच पुकारल्या जातात. लाखोंचा हा समाज १८३२ पासून, हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांनी घालून दिलेल्या शिस्तीत कसा चालतो, ते या आरतीत दिसतं.

परतताना दिवे घाट वाहनांना बंद असतो. त्या वर्षीचे पर्यायी मार्ग वाहतूक पोलीस आधी जाहीर करतात, ते पाहूनच निघा. सासवडला कुणाकडे राहायची सोय झाली तर मात्र राहाच. माउलींचा मुक्काम तिथे दोन रात्रींचा असतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्या भावाची, सोपानकाकांची पालखी त्याच गावातून पंढरीला निघते.