कोयंडा उचकटू नये म्हणून

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : 'बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी...'. कुलूप किल्लीने उघडल्याचं त्यात क्वचितच वाचायला मिळतं. दाराच्या फटीत कटावणी घालून जोर दिला की सात लिव्हरचं कुलूप बंदच्या बंद राहतं आणि कोयंड्यासकट खाली पडतं. लिव्हर म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या कुलपातल्या पट्ट्या; त्या जास्त म्हणजे दुसरी किल्ली लागणं अवघड, एवढाच त्याचा अर्थ. कटावणीला लिव्हर मोजता येत नाहीत. म्हणून महागडं कुलूप आणण्याआधी ते कशात अडकवलंय ते बघा.

अल्ड्रॉपचा, म्हणजे कुलूप अडकवायच्या सरकत्या दांड्याच्या कडीचा, एक स्क्रू काढून बघा. बऱ्याच फ्लॅटच्या दारांवर तो जेमतेम २०-२५ मिमीचा निघतो, आणि सुताराने घाईत हातोडीने ठोकलेला असतो. ठोकलेला स्क्रू लाकडात आटे पाडत नाही, तो लाकडाचे तंतू फाडत आत जातो. म्हणजे पैसे स्क्रूचे आणि काम खिळ्याचं. फ्लश डोअरच्या (दोन्हीकडून प्लाय लावलेल्या सपाट दाराच्या) आतलं लाकूड मऊ असेल तर असे चार स्क्रू एका झटक्यात बाहेर येतात.

यावर उपाय म्हणजे आरपार बोल्ट. ६ मिमी जाडीचे गोल, गुळगुळीत डोक्याचे बोल्ट घ्या, म्हणजे बाहेरून पाना किंवा पेचकस लावायला जागाच राहत नाही. दार ३५ मिमी जाड असेल तर बोल्टची लांबी ५० मिमी हवी. आतून नुसते वायसर लावू नका. जोर आला की ते लाकडात रुततात. त्याऐवजी ३ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीला अल्ड्रॉपच्या भोकांच्या मापाने भोकं पाडून घ्या आणि तिच्यावर नट आवळा. अल्ड्रॉपच्या पत्र्यातली भोकं लहान असतील तर आधी लोखंडाला भोक पाडायच्या ड्रिल बिटने मोठी करा. दारात भोक बाहेरून पाडायला घ्या, पण बिटचं टोक आत दिसू लागलं की थांबा आणि उरलेलं भोक आतून पाडा. एकाच बाजूने आरपार गेलात तर आतल्या सनमायकाचा टवका उडणार. कोयंड्यालाही हेच करा, कारण कटावणी आधी तिथेच लागते.

कुलपाची कडी कोयंड्याच्या भोकात जेवढी घट्ट बसेल तेवढं चांगलं. कडी आणि कोयंडा यांच्यात बोटभर जागा राहिली की तिथे सळई घालून पिळता येतं. जाड कुलूप आणि पातळ पत्र्याचा कोयंडा ही जोडी तर फुकट आहे.

आता लॅच. दार नुसतं ओढून घेतलं की लागते ती तिरकी जीभ, आणि ती स्प्रिंगवर असते. फटीतून प्लॅस्टिकची पट्टी सरकवली की ती मागे जाते. बाहेरून किल्ली फिरवून चौकोनी बोल्ट पूर्ण बाहेर काढला तरच दाराला कुलूप लागलं म्हणायचं. 'दूध आणायला तर चाललोय' म्हणून हे टाळलं जातं. चौकटीवरची डबी, जिच्यात हा बोल्ट जातो, तीही बहुधा आखूड स्क्रूंवर असते आणि एका लाथेत उखडते. तिला ८ नंबरचे ६० मिमी स्क्रू लावा. आधी ३ मिमीचं भोक पाडा आणि स्क्रूला साबण चोळा. नाहीतर सागवानात स्क्रूचं डोकं तुटतं आणि उरलेला तुकडा काढता काढता जीव जातो.

पावसाळ्यात दार फुगतं, बोल्ट भोकाच्या कडेला अडतो आणि अर्धाच आत जातो. किल्ली फिरते, म्हणून आपल्याला कळत नाही. तपासायचं कसं? बोल्टच्या टोकाला ओलं कुंकू लावा, दार बंद करून किल्ली फिरवा, मग उघडून चौकटीवर खूण कुठे उमटली ते बघा. कुंकू ज्या कडेला लागलं असेल ती कड कानशीने घासा. बोल्ट घासायचा नाही.

पितळी सिलिंडरचं (किल्ली ज्यात जाते त्या नळकांड्याचं) लॉक असेल तर सिलिंडर हँडलच्या पट्टीबाहेर २-३ मिमीपेक्षा जास्त आलेला नको. पुढे आलेला सिलिंडर पकडून वाकवला की मधोमध मोडतो, कारण मधल्या स्क्रूच्या भोकापाशी पितळ सर्वांत कमी असतं. नवा घेताना त्या मधल्या भोकापासून आतलं आणि बाहेरचं माप वेगवेगळं घ्या. नुसती एकूण लांबी सांगितलीत तर दुकानदार भलताच देईल. किल्लीच्या भोकात तेल सोडू नका, धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. कोकणातल्या खाऱ्या हवेत मात्र लोखंडी अल्ड्रॉप टिकत नाही, तिथे स्टेनलेस स्टील किंवा पितळच घ्या.

एवढं करूनही चौकटच भिंतीत सैल असेल तर उपयोग शून्य. दार लावून लॉकच्या उंचीवर खांद्याने दाबा आणि चौकट व गिलावा यांच्यामध्ये भेग उघडते का ते बघा. उघडत असेल तर लॉकच्या वर आणि खाली साधारण वीतभर अंतरावर एकेक फ्रेम अँकर (चौकटीतून भिंतीत जाणारा लांब स्क्रू आणि त्याची गिट्टी) मारा, १० मिमी जाड. लांबीचा हिशेब सोपा आहे : चौकटीचं लाकूड ५० मिमी, गिलावा १५ मिमी आणि विटेत किमान ५० मिमी, म्हणून १२० मिमीचा घ्या. लाकडात ड्रिल हॅमरवर (ठोके देण्यावर) ठेवू नका, वीट लागल्यावरच हॅमर चालू करा. नव्या इमारतींमधल्या हलक्या एएसी ब्लॉकमध्ये (सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यात) साधी गिट्टी, म्हणजे भोकात बसवायचा प्लॅस्टिकचा प्लग, फिरत राहते. त्यासाठीचा लांब नायलॉन अँकर मागून घ्या, आणि तिथे हॅमर वापरूच नका. चौकटीच्या तळाला वाळवी असेल तर आधी तो तुकडा बदला.

सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्या बाहेर राहतात आणि त्यांची पिन कापली की दार त्या बाजूने निघतं. पिनची दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद करा आणि बिजागरीच्या बाजूला चौकटीत शिरणारे दोन खुंटे बसवून घ्या. आतून मात्र या दाराला किल्लीचं कुलूप लावून झोपू नका. आग लागली तर अंधारात किल्ली सापडत नाही.

मुख्य दाराची बाहेरची कडी वापरात नसेल तर काढून टाका. चोर आधी शेजाऱ्यांच्या कड्या बाहेरून लावतात, म्हणजे आवाज झाला तरी कुणी बाहेर येऊ नये. मग शेजारी आतून पोलिसांना ११२ लावेपर्यंत चोर जिना उतरलेले असतात. गावाला जाताना बाहेर लटकतं कुलूप लावण्यापेक्षा आतलं लॉक फिरवून जा. लटकतं कुलूप म्हणजे घरात कुणी नसल्याची पाटीच. जास्तीची किल्ली शेजारी द्या. कुंडी, पायपुसणं आणि चपलांचं कपाट या जागा चोराला तुमच्याआधी माहीत असतात.