तापीकाठावरून समुद्रविज्ञानाकडे

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून समुद्र फार लांब. गोव्याला शिकायला निघाले तेव्हा वडील म्हणाले, "समुद्रमा काय शिकशी, माय?" आमच्याकडे कापूस आणि केळी. पण दोन्हींना जगवणारा पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि आमची तापीही शेवटी तिकडेच जाते. हे तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं.

आपल्याकडची मुलं मला आधी पोहण्याबद्दल विचारतात. पोहणं नंतरचं. गणित, भौतिक किंवा रसायन पक्कं करा, थोडं पायथन ही संगणकाची भाषा शिका. बीएस्सीनंतर गोवा विद्यापीठात किंवा कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात, म्हणजे कुसॅटमध्ये, या विषयात एमएस्सी करता येते. पुढे सीएसआयआर-नेट या संशोधन-अध्यापनाच्या पात्रता परीक्षेला पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. सरावाला आर्गोचा डेटा घ्या, तो फुकट आहे. जगभरच्या समुद्रांत आर्गोची सुमारे ४००० यंत्रं तरंगत असतात. दर दहा दिवसांनी ती २००० मीटर खोल जातात आणि तापमान, क्षारता मोजत वर येतात. माझा पहिला आलेख मी गावातच, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढला.

खरी शिकवण मात्र जहाजावर मिळाली. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला थर आहे. तो किती पसरतोय, हा मोठा प्रश्न आहे, कारण बहुतेक मासे तिथे राहू शकत नाहीत. प्राणवायू मोजायला पाण्याचा नमुना नळीने बाटलीच्या तळापासून भरायचा, पाणी भरपूर ओतू जाऊ द्यायचं, दोन रसायनं घालायची आणि एकही बुडबुडा न अडकवता बूच लावायचं. पृष्ठभागाच्या पाण्यात प्राणवायू असतो, म्हणून तपकिरी साका धरतो. तीनशे मीटरचा पांढराच राहायला हवा. माझा फिकट तपकिरी झाला. बुचाखाली मोहरीएवढा बुडबुडा होता. तोवर जहाज पुढच्या स्टेशनकडे, म्हणजे नमुने घ्यायच्या पुढच्या जागेकडे, निघालं होतं. त्या खोलीचा रकाना रिकामाच राहिला. समुद्राबद्दलची पोकळी अशाच रकान्यांची बनते, म्हणून सांगते, प्रयोगशाळेत बूच लावायचा सराव शंभर वेळा करा. जहाजावर उलटी होईल, तरी हात चुकता कामा नये.

सध्या माझ्या डोक्यात आपलाच प्रश्न आहे. शेतात टाकलेल्या खतातलं किती नत्र तापीत उतरतं, त्यातलं किती उकाईच्या जलाशयात अडतं आणि किती खंभातच्या आखातापर्यंत पोचतं? नत्र वाढलं की शेवाळ वाढतं, ते कुजताना प्राणवायू खातं. यासाठी दर महिन्याला, वर्षानुवर्षं नमुने लागतील. त्याला जहाज नको. तापीवरच्या सावळद्याच्या पुलावरून दोरीला बांधलेली स्वच्छ बादली सोडली तरी सुरुवात होते. बाटलीवर तारीख आणि वेळ तेवढी लिहा.