जुनी म्युझिक सिस्टीम: काय ठेवावे, काय बदलावे

आखातात किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आणलेला ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी गोव्यातील अनेक घरांत अजूनही दिवाणखान्यात जागा राखून आहे. आवाज खरखरू लागला, एक बाजू बंद पडली किंवा मोबाईलवरची गाणी त्यावर लावता येईनात, की सारे काढून नवे घेण्याचा विषय निघतो. माझे मत असे की, हा निर्णय संपूर्ण संचाबद्दल एकदम घेऊच नये. ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि प्लेअर निरनिराळ्या कारणांनी जुने होतात आणि आपली खारी, दमट हवा ज्या भागांवर प्रथम घाव घालते, त्यांपैकी बरेचसे भाग थोड्या खर्चात साफ करता येतात किंवा बदलता येतात.

म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधावे. समजा, डाव्या बाजूने आवाज येत नाही. ॲम्प्लिफायर बंद करून, प्लग काढून, मागच्या टर्मिनलांवरील डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करावी आणि पुन्हा अगदी हळू आवाजात गाणे लावावे. तोच डावा स्पीकर अजूनही गप्प असेल, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. आता उजवा गप्प झाला असेल, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याला जोडलेल्या प्लेअरमध्ये आहे. मग वायरी मूळ जागी लावून प्लेअरकडून येणाऱ्या दोन पिनांची अदलाबदल करावी. गप्प बाजू बदलली तर प्लेअर किंवा त्याची केबल, नाही बदलली तर ॲम्प्लिफायर. पिना काढताना त्यांवर हिरवट थर दिसला, तर तो तिथेच पुसून घ्यावा. मिरामार, कळंगुट किंवा कोलवा यांसारख्या समुद्रालगतच्या भागांत हा थर लवकर धरतो आणि कित्येकदा सगळी तक्रार तेवढ्या पुसण्यानेच मिटते.

ॲम्प्लिफायरचे बहुतेक आजार आवाजावरूनच ओळखता येतात. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना होणारी खरखर धुळीची आणि गंजाची असते. ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. एक बाजू हळू आवाजात गायब होते आणि आवाज एकदम वाढवला की परत येते, तेव्हा बहुधा स्पीकरकडे जाणाऱ्या रिलेचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्याचे, संपर्क काळे पडलेले असतात, आणि रिले ही स्वस्त वस्तू आहे. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही एकसारखी घुमणारी घरघर ऐकू आली, तर वीजपुरवठ्याच्या भागातील मोठे कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकले असण्याची शक्यता अधिक. घरघर व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल, तर आधी केबल आणि अर्थिंग तपासावे. कॅपॅसिटरचे आयुष्य उष्णतेवर अवलंबून असते आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की ते साधारण निम्मे होते, त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या जाळीवर सेट-टॉप बॉक्स किंवा शोभेचे कापड ठेवू नये. दुरुस्तीसाठी दिल्यावर एक मोजमाप आवर्जून करून घ्यावे: गाणे न लावता, स्पीकर काढून, स्पीकरच्या टर्मिनलांवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज पाहावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असले तर ठीक. १०० च्या वर गेले तर दोष निघेपर्यंत चांगले स्पीकर जोडू नयेत.

खरी अडचण येते ती आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरवणारी चिप, जळाल्यावर. त्या काळच्या अनेक संचांतील एसटीके मालिकेचे आयसी आता बनत नाहीत आणि त्यांच्या नावाने बनावट माल सर्रास विकला जातो. तंत्रज्ञ खात्रीचा भाग कुठून आणणार हे सांगू शकत नसेल, तर त्या ॲम्प्लिफायरवर खर्च करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

स्पीकर सहसा सर्वांत शेवटी बदलावेत, कारण संचाच्या आवाजाचे वळण त्यांच्यातच असते. जाळी काढून वूफरच्या, म्हणजे खर्ज आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या, कडेची लवचिक पट्टी बोटाच्या टोकाने अलगद दाबून पाहावी. ती फोमची असेल, तर दमट हवेत वापर नसतानाही कुजते आणि बोटाला चिकट भुगा लागतो. रबराची पट्टी कितीतरी अधिक टिकते. फोम कुजला म्हणजे स्पीकर गेला असे नव्हे, नवी पट्टी चिकटवून मिळते. मात्र तसाच वाजवत राहिल्यास कॉइल (आतले तारेचे वेटोळे) एका बाजूला घासून खराब होते. वूफरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, दोन्ही हातांनी सारखा आत दाबताना खरखर जाणवली, तर कॉइल घासू लागली आहे असे समजावे. वायर काढून रोध मोजल्यास ८ ओहमचा वूफर सामान्यतः ६ ते ७ ओहम दाखवतो. काहीच दाखवले नाही, तर कॉइल किंवा तिची तार तुटली आहे. खोक्याची तपासणी तितकीच महत्त्वाची. पावसाळ्यात ओल धरून फुगलेले भुशाच्या लाकडाचे खोके, किंवा ज्यात वाळवी शिरली आहे असे खोके, पूर्ववत होत नाही आणि तेव्हा स्पीकर बदलणेच योग्य.

प्लेअरच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. सीडी प्लेअरची लेन्स पुसूनही तबकडी वाचली जात नसेल आणि लेझरचा भाग मिळत नसेल, तर तो बाजूला करावा. कॅसेट डेकचा आणि रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा वितळून चिकट झाला तरी नवा बसतो. घरात केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील, तर तीन गतींचा जुना रेकॉर्ड प्लेअर मुळीच टाकू नये, कारण नव्यांपैकी पुष्कळांवर फक्त ३३ आणि ४५ या गती असतात. त्या तबकड्यांसाठी जाड टोकाची वेगळी सुई घ्यावी. एलपीची बारीक सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाला घासते आणि मग गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते.

मोबाईल जोडता येत नाही, एवढ्याच कारणासाठी ॲम्प्लिफायर बदलणे मला पटत नाही. मागच्या ऑक्स सॉकेटमध्ये लहानसा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला की काम होते. टीव्हीला फक्त ऑप्टिकल सॉकेट असेल, तर मध्ये एक डॅक (डिजिटल ध्वनी ॲम्प्लिफायरला चालेल अशा रूपात बदलणारी डबी) घालावा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ध्वनीची निवड पीसीएम या साध्या डिजिटल प्रकारावर करावी.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या घरातील संच मात्र आल्या आल्या विजेला जोडू नये. मागे ११०/२२० असा खटका असेल, तर तो २२० वर आहे ना हे पाहावे. फक्त ११० लिहिले असेल, तर ट्रान्सफॉर्मर लागेल. त्यानंतर तंत्रज्ञाकडून डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) हळूहळू व्होल्टेज वाढवून किंवा सिरीज बल्ब, म्हणजे संचाच्या वीजवाटेतच जोडलेला बल्ब, लावून संच सुरू करून घ्यावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर सहसा चिंता नसते, प्रखर पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. झाकण स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

दुरुस्तीचा अंदाज हाती आला की त्याची तुलना तशाच दर्जाच्या नव्या संचाशी करावी, दुकानातल्या स्वस्त ब्लूटूथ स्पीकरशी नव्हे. खर्च त्या किमतीच्या निम्म्याच्या आत असेल, तर मी दुरुस्तीकडे झुकेन. पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचे, मोठे आकडे छापलेले एकसंध प्लॅस्टिकचे संच याला अपवाद आहेत, कारण त्यांची खरी, सतत देता येणारी आरएमएस शक्ती त्या आकड्याच्या मानाने फारच थोडी असते आणि एक भाग बिघडला की सगळेच अडते. दुरुस्ती शक्य तो पावसाळ्याआधी करून घ्यावी, कारण चवथीच्या तोंडावर चांगल्या तंत्रज्ञांकडे वेळ नसतो. बदलायचेच ठरले, तर जुना ॲम्प्लिफायर कचऱ्यात न टाकता आधी त्याच तंत्रज्ञाला दाखवावा. त्यातील ट्रान्सफॉर्मर, बटणे आणि अस्सल ट्रान्झिस्टर दुसऱ्या कुणाच्या संचाला उपयोगी पडतात, आणि उरलेले सामान ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.