बटेर आणण्याआधीची तयारी

बटेरपालनाची यादी शेवटाकडून करायला घ्यावी, असं माझं मत आहे. अंडी आणि मांस दोन्ही हवं असेल, तर कापणार कोण, हे पिल्लं आणण्याआधी ठरवा. पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्या लागतात, नाहीतर नर आपसांत भांडतात आणि माद्यांच्या पाठी सोलून काढतात. म्हणजे सहा ते आठ आठवड्यांत जादा नर कापावे लागणारच. घरात कुणाला ते जमणार नसेल, तर तीनेक आठवड्यांचे, छातीच्या पिसांवरून ओळखता येणारे पक्षी घ्या. नराची छाती सरसकट तांबूस असते, मादीची ठिपक्यांची. फक्त माद्या ठेवल्या तरी खायची अंडी मिळतात.

स्वतः कापणार असाल, तर जाणत्या माणसाशेजारी उभं राहून आधी शिकून घ्या. खूप धार असलेली मजबूत कात्री फक्त याच कामासाठी बाजूला ठेवा. खाद्य काही तास आधी काढा, पाणी मात्र राहू द्या. उजेड मंद हवा आणि बाकीचे पक्षी नजरेआड. पंख अंगाशी धरून पक्षी शांत झाला की एका झटक्यात मान वेगळी व्हायला हवी. दुसऱ्यांदा कात्री चालवावी लागली, तर धार कमी पडली असं समजा.

आता घर. इथे सगळ्यात जास्त चुकतं ते छताच्या उंचीत. दचकलेला बटेर पळत नाही, सरळ वर उसळतो. छत कमरेएवढं असेल तर वेग घ्यायला पुरेशी जागा मिळते आणि डोकं फुटतं. म्हणून एकतर 25-30 सेंटीमीटर उंची ठेवा, किंवा माणूस उभा राहील एवढी आणि वर सैल, मऊ जाळी. बाजूंना अर्ध्या इंचाची तारेची जाळी लावा, कारण उंदीर आणि मांजर दोघांचाही डोळा तिथेच असतो. तळ मात्र नुसत्या तारेचा नको, पायांना जखमा होतात. भरीव तळावर कोरडा भुसा पसरा. पक्ष्यामागे निदान एक चौरस फूट जागा द्या. दडायला खोकी आणि लोळायला कोरड्या मातीचा पसरट ट्रे हवाच. ट्रे ठेवलात की पक्षी त्यात आडवे पडून पिसांत माती उडवतात. कोंबड्यांच्या खुराड्यात सोय करू नका, रोग इकडून तिकडे जातात.

पिल्लं आणणार असाल तर ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी दिव्याची पेटी, आदल्या दिवशीच चालू करून तापमान बघून ठेवा. पहिल्या आठवड्यात 35-37 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, म्हणून खाली खरबरीत कापड घाला. सात-आठ ग्रॅमचं पिल्लू उथळ ताटलीतही बुडतं, तेव्हा पाण्यात गोट्या टाका. खाद्य बारीक आणि 24 टक्क्यांच्या पुढे प्रथिनांचं लागतं, ते आधीच भरून ठेवा.

माद्या साधारण सहा-सात आठवड्यांच्या झाल्या की अंडी देऊ लागतात. तोवर अंडी देणाऱ्या पक्ष्यांचं खाद्य आणि शिंपल्याचा चुरा घरात असू द्या. रोज अंडी हवीत म्हणून दिवसाला 14-16 तास उजेड देतात. मी तरी हिवाळ्यात दिवा लावणार नाही, थोडी कमी अंडी चालतील. पुढची पिढी घरीच काढायची असेल तर उबवणी यंत्र लागेल. पाळीव जपानी बटेर सहसा अंड्यांवर बसत नाही. 17-18 दिवसांत पिल्लं निघतात.

एक रिकामा पिंजराही तयार ठेवा. टोचाटोची रक्तापर्यंत गेली की जखमी पक्षी त्याच क्षणी वेगळा करावा लागतो.