वजनकाटा नंतर, आधी इंची टेप काढा: पोटाचा घेर बघून हार्टचा धोका घरीच कसा ओळखायचा

आपल्या इंदूरात कोणाच्याही घरी तब्येतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न वजन किती, आणि ते सत्तर-बहात्तर निघालं की सगळे खुश, अरे मग फिटच आहेस की! पण हार्टच्या हिशोबाने बघितलं तर किती किलो यापेक्षा चरबी साठलीये कुठे हे जास्त कामाचं, आणि ते वजनकाटा सांगतच नाही. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली इंची टेप बऱ्यापैकी सांगते.

आधी कारण समजून घ्या, मग मोजायला कंटाळा येणार नाही. पोटावर दोन प्रकारची चरबी असते. एक कातडीखालची, जी चिमटीत पकडता येते. दुसरी आत, आतडी आणि लिव्हरच्या आजूबाजूला, तिला डॉक्टर व्हिसरल फॅट म्हणतात आणि खरी भानगड हिचीच. मांड्या-नितंबांवरची चरबी म्हणजे एफडी, सहसा कोणी मोडत नाही, आणि ही आतली म्हणजे चालू खातं, रोजची उलाढाल. हिच्यातून सुटणारी फॅटी ॲसिड्स बरीचशी पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या नळीतून, थेट लिव्हरवर जाऊन आदळतात, मग लिव्हर फॅटी होतं, रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल घसरतं, इन्सुलिन नीट काम करत नाही, वर ही चरबी सूज वाढवणारी रसायनंही सोडते आणि या सगळ्याचा मार शेवटी हार्टच्या नळ्यांवर बसतो. इंटरहार्ट म्हणून ५२ देशांत मोठा अभ्यास झाला होता, त्यात हार्ट अटॅकशी बीएमआयपेक्षा (म्हणजे उंचीच्या हिशोबाने वजनाचा आकडा) कंबर आणि हिप्सच्या प्रमाणाचा संबंध जास्त पक्का निघाला.

आणि आपण भारतीय तर वरून बारीक दिसून आतून चरबीवाले. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापला होता, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१! म्हणून "मी तर सडपातळ आहे" म्हणणाऱ्यांनी आधी मोजावं.

आता मोजायचं कसं. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी, शर्ट वर करून सरळ उभे राहा, पाय थोडे जवळ. कुशीला हात लावून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाचं वरचं टोक शोधा, या दोघांच्या बरोबर मधे टेप लावायची. बेंबीवर लावू नका, पोट सुटलं की बेंबीही खाली सरकते. टेप मागून वरखाली तर झाली नाही ना हे आरशात बघा किंवा घरातल्या कोणाला तरी बघायला सांगा. कातडीला टेकली पाहिजे, रुतली नाही पाहिजे. मग नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा, पोट आत ओढायचं नाही (पुरुषमंडळी हे न सांगता करतात). दोनदा मोजा, एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. आणि प्लीज, पँटचा नंबर सांगू नका. आपल्याकडचे काका लोक ढेरीच्या खाली बेल्ट बांधतात आणि वीस वर्षं ३४ चीच पँट घालतो म्हणून मिरवतात, ढेरी मात्र बेल्टवरून बाहेर बघत असते.

आकडा आला की बघा: आपल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही धोक्याची रेघ धरतात. अमेरिकन चार्ट बघू नका, तिथे १०२ आणि ८८ लिहिलेलं असतं आणि उगाच समाधान होतं. उंचीचा हिशोब अजून सोपा, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे १६५ सेंटिमीटरवाल्याची साडेब्याऐंशीच्या आत. हिप्स सगळ्यात रुंद जागी मोजून कंबरेला त्याने भागलं की प्रमाण मिळतं, पुरुषांचं ०.९० आणि बायकांचं ०.८५ च्या खाली असलेलं बरं. प्रेग्नन्सीत किंवा पोटात पाणी झालं असेल तर हे आकडे लावायचे नाहीत.

काकू-मावशींसाठी वेगळं सांगतो, पाळी जायच्या सुमाराला वजन तेवढंच राहून चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकायला लागते, त्यामुळे पंचेचाळिशीनंतर काट्यावर अजिबात विसंबू नका.

घेर जास्त निघाला म्हणजे अटॅक येणारच असं नाही, पण बीपी, उपाशीपोटी शुगर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्याच. बीपी १३०/८५ किंवा वर, शुगर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांचं ४० आणि बायकांचं ५० च्या खाली, आणि पाचवा हा घेर. यातले तीन जमले तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, मग डॉक्टरकडे जायला टाळाटाळ नको. आणि छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम असलं काही होत असेल तर टेप बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठा, भले कंबर सत्तर असो.

कमी करायचं तर नुसत्या क्रंचेस मारून पोटाची चरबी जात नाही, स्नायू घट्ट होतील, बस. लायपोसक्शनही कातडीखालचीच चरबी काढतं, २००४ च्या एका अमेरिकन अभ्यासात ते करूनही बायकांच्या बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलमध्ये फरक पडला नव्हता. चांगली गोष्ट ही की आतली चरबी चालण्याला लवकर दाद देते, काटा फारसा हलला नाही तरी. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालायचं, नेहरू पार्कात मोबाइलवर बोलत रमतगमत नाही. सिगरेट ओढणारे बारीक दिसतात पण त्यांची चरबी पोटाकडे जास्त जाते, आणि दारूचंही तेच.

खाण्याबद्दल, पोहे सोडा असं इंदूरात सांगितलं तर मला कोणी उभं करणार नाही. पोह्यांवरची मूठभर शेव आणि बरोबरची जिलेबी, आणि रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत परत गराडू (तळलेला कंद) नि रबडी, खरा हिशोब तिथे आहे. पोह्यांवरचा जिरावण मसाला खुशाल टाका, फक्त बीपीवाल्यांनी त्यातल्या मिठाकडे बघून.

पुन्हा मोजायचं ते महिन्यातून एकदाच, त्याच वेळी, त्याच जागी, आणि आकडा कालनिर्णयवर सेंटिमीटरमध्येच लिहायचा, इंचात लिहिलं की अर्धा इंच कोणीही इकडचा तिकडे करतं.